नवे नळ

राजेशम गुंडला यांना बावन्नाव्या वर्षी कळलं
की बोकडासारखीच माणसालाही कलेजी असते,
उजव्या बरगडीखाली.
"काळीज छातीत असतंय नव्हं?"
मी म्हटलं, तेही आहे. हे दुसरं.

मी स्लाइड रंगवते. एवढंच माझं काम.
शेवईच्या तुकड्याएवढं यकृत फॉर्मेलिनमधून येतं,
मेणात बसतं,
पात्याखाली इतकं पातळ होतं की फुंकर मारायची भीती.
केंद्रकं निळी करायची. आणि आज एक जास्तीचा रंग,
फक्त रक्तवाहिन्यांच्या भिंती तपकिरी करणारा.
धड यकृतात तो फारसा धरत नाही.
(आमचे वडील रंगाच्या कारखान्यात होते,
'धरत नाही' हा शब्द त्यांचा.)

आज धरला.
बारीक, वाकडे, नको तिथं फुटलेले तपकिरी धागे,
आणि त्यांच्या काठानं निळ्या पेशींचा घोळका,
जानेवारीत मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गाड्या अडकतात तसा.
पंचवीस वर्षांपूर्वी आल्या या, चोर धरायला.
चोर पेशीच्या आत, धान्याच्या कोठीत बसलेला.
यांनी कोठ्याच फोडल्या.
मग दमल्या,
पण परत गेल्या नाहीत.

चोर आला कुठून?
नागमणीबाई म्हणाल्या, "दारू शिवले नाहीत हो कधी."
गल्लीला ते पटत नाही.
यांना आठवते ती एक कावीळ,
गिरणी बंद पडली त्या साली,
आणि कंपाउंडरच्या ताटलीतली काचेची सिरिंज
जी अख्ख्या चाळीला पुरायची.

खिडकीवर रिपोर्ट समजावायचा नाही असा नियम आहे.
पण राजेशम एकेक अक्षर जुळवत वाचत होते,
माग चालवणाऱ्याचं बोट, तुटलेला धागा शोधावा तसं.
"नवीन रक्तवाहिन्यांची वाढ.
म्हंजे रक्त वाढलं. चांगलंच की, मॅडम?"

आता काय सांगू?
म्हटलं, सुजलेल्या जागेला श्वास पुरत नाही.
मग ती हाक घालते, रक्त पाठवा, रक्त पाठवा.
त्या हाकेला लांबलचक नाव आहे,
रक्तवाहिनी वाढवणारा घटक.
तुमच्या रक्तातही मोजलाय. चढा आहे.

ते थोडा वेळ गप्प.
मग म्हणाले,
"आमच्या गल्लीगत झालं बगा.
पाणी पाचव्या दिवशी.
मग जो तो रात्रीचा रस्ता खणतो,
मेन लाइनीला भोक पाडून आपला नळ जोडतो.
सकाळी रस्ता सगळा वल्ला,
आन् घागर कुणाचीच भरंना."

बारा वर्षं या खिडकीमागे आहे मी.
इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गळक्या नळांवरून पुन्हा तेच घोळके आत येतात,
हे मी सांगितलं नाही.
आणि हीच हाक काही पहारेकऱ्यांना निजवते
असं वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणतात.
म्हणतात. त्यांचाही अभ्यास चालूच आहे,
राजेशम यांच्या दोन नळ्या त्यात गेल्या आहेत.

"गोळी हाय म्हणे, रोजची."
आहे.
"मग ते खणलेले नळ बुजतील?"
काही बुजतात, मी म्हटलं.
नागमणीबाईंनी 'काही' हा शब्द ऐकला.
तंबाखूनं काळवंडलेल्या बोटांनी
रिपोर्टाची घडी घातली, विडीच्या पानासारखी,
कडा आत दाबून.

रात्री दोनला आमच्याकडे पाणी आलं.
सूं करत आधी नुसती हवा, मग गढूळ, मग बरं.
पिंप भरेपर्यंत उभी होते.
हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला.
दाबून पाहिलं.
काही दुखत नाही तिथं.
त्यांचंही कधी दुखलं नव्हतं.